आधी सावली, मग ऊन

जळगावात राहून समुद्र पाळायचा, म्हणजे वेडेपणाच! मुंबईचा किनारा चारशे किलोमीटरवर आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास. तरी गेल्या वर्षी माझ्या हॉलमध्ये दोन फुटी समुद्री टँक आला. पुण्याच्या मैत्रिणीने तिच्याकडच्या लेदर कोरलचा अंगठ्याएवढा तुकडा कापून दिला. हा मऊ कोरल असाच कापून वाढवतात. (कडक सांगाड्याची प्रवाळं आणि समुद्रपंखे मात्र २००१ पासून वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. त्यांच्या वाटेला जाऊच नका.)

प्रश्न होता लाईटचा. कोरल हा प्राणी, पण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं कोरलला देतं. म्हणजे लाईट ही सजावट नाही, जेवण आहे! परदेशी रीफ लाईटच्या किमती पाहिल्या आणि लॅपटॉप बंद केला. फ्रीलान्सरचं बजेट ते काय! सेकंडहँड मेटल हॅलाइड स्वस्त मिळत होता, पण तो इतका तापतो की आमच्या उन्हाळ्यात टँकचा रस्साच झाला असता.

शेवटी बाजारातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून तीस वॅटचा थंड पांढरा एलईडी फ्लडलाईट घेतला आणि सोबत निळी, साधारण ४५० नॅनोमीटरची एलईडी पट्टी. पाण्यात लाल रंग लवकर विरतो, निळा खोलवर पोचतो. कोरलमधल्या शैवालालाही तोच मानवतो. खोक्यावरचे ल्युमेन बघून भुलू नका, ते माणसाच्या डोळ्यांचं माप आहे.

लाईट बसवला आणि पहिल्याच दिवशी बारा तास फुल्ल! चौथ्या दिवशी कोरल मिटला. आठव्या दिवशी फिकट पडला. मला वाटलं, उजेड कमी पडतोय. मी लाईट आणखी खाली आणला.

त्या रविवारी यावलहून काका आले. त्यांची केळीची बाग आहे. टँकसमोर उभे राहून त्यांनी विचारलं, ‘‘हे तू सावलीतून आणलंस की उन्हातून?’’

मैत्रिणीच्या टँकवर दोन जुन्या मंद ट्यूब होत्या. मी गप्प.

‘‘अगं, टिश्यू कल्चरचं रोप लॅबमधून काढून थेट शेतात लावतं का कोणी? आधी शेडनेटखाली ठेवतात. सवय झाली की मग ऊन.’’

पुढच्या खेपेला काकांनी शेडनेटचा तुकडाच आणून दिला! लाईट दीड फूट वर टांगला, खाली जाळीचे दोन थर. टायमरवर पाच तास, मग दर आठवड्याला एक तास वाढवत आठपर्यंत. नंतर एकेक थर काढला. पाण्यावर छोटा पंखा लावला. बाष्पीभवनाने पाणी दोनेक अंशांनी उतरतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची.

तिसऱ्या आठवड्यात बोटं पुन्हा बाहेर आली. एक कड अजून पांढरट आहे, माझ्या घाईची आठवण म्हणून.

काकांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. ‘‘काय गं, तुझं रोप कसं आहे?’’