ताईची जोडनौका

धक्क्यावर प्रत्येक बोटीपुढे एकेक टोपली ठेवलेली होती. गोरी माणसे त्यांत आपले बूट काढून ठेवीत आणि अनवाणी पायांनी वर चढत. मुलूख सोडल्यापासून प्रथमच मला घरी आल्यासारखे वाटले. घंटा तेवढी नव्हती. चौकशी केली तेव्हा कळले, की बुटांनी बोटीच्या तक्तपोशीवर चरे पडतात. श्रद्धेचा प्रश्न नाही.

हे गाव ला ग्रांद-मोत. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, माँपेलिए शहरापासून वीसेक किलोमीटरवर. दर वर्षी एप्रिलात येथे कॅटमरान जातीच्या बोटींचे मोठे प्रदर्शन भरते. २०२५ च्या एप्रिलात त्या टोपल्यांत माझेही बूट पडले, याला कारण माझी थोरली बहीण. एरवी मी सांगलीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवणारा माणूस. पाण्याशी माझा संबंध म्हणजे २००५ साली आणि पुन्हा २०१९ साली कृष्णामाई आमच्या घरी येऊन गेली, तेवढाच.

ताई आणि दाजी तीसएक वर्षे इंग्लंडच्या दक्षिण भागात राहतात. दाजी यंत्रांचे इंजिनिअर, ताई औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. दोघेही निवृत्त झाली, मुले आपापल्या संसाराला लागली, आणि एके दिवशी बातमी आली की राहते घर विकायचे, एक बोट घ्यायची आणि बारा महिने तिच्यावरच राहायचे! आमच्याकडे अशा वयात फार तर चारधामाची तिकिटे काढतात. बेत दोघांनाही पसंत होता, अडले होते ते बोट कोणती घ्यायची यावर. दाजींचा फोन आला, "मास्तर, तुझ्या बहिणीला जरा समजाव." पाठोपाठ ताईचा आला, "तुझ्या दाजींना तूच समजाव." असा मी दोन्ही पक्षांचा वकील होऊन विमानात बसलो.

गाव विलक्षण आहे. साठ वर्षांपूर्वी येथे डासांनी भरलेली दलदल होती. १९६३ साली फ्रेंच सरकारने हा सबंध किनारा पर्यटनासाठी वसवायचे ठरवले, आणि झ्याँ बालादुर नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने येथे घरे बांधली ती मेक्सिकोतल्या प्राचीन पिरॅमिडांच्या धर्तीवर. उतरत्या भिंती, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या गॅलऱ्या. आम्ही त्यांपैकीच एका पिरॅमिडात तीन दिवसांसाठी खोल्या घेतल्या होत्या. मागच्या खाजणात गुलाबी रोहित पक्षी एका पायावर उभे असत. मला दिवसभर त्यांच्याकडे बघत बसायला आवडले असते. पण वकिलाला कोर्टात हजर राहावे लागते.

कॅटमरान म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. दोन चिंचोळ्या होड्या समांतर ठेवाव्यात, त्यांवर आडवे माजघर बांधावे आणि मधोमध डोलकाठी उभारून शिडे चढवावीत, झाली कॅटमरान. शब्द मात्र आपल्या शेजारचा, तमिळ 'कट्टुमरम्', बांधलेले लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरचे कोळी ओंडके एकत्र बांधून समुद्रात जात. विल्यम डँपियर नावाच्या इंग्रज दर्यावर्दीने सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्याविषयी लिहिले. त्या ओंडक्यांना काही दोन अंगे नव्हती. दोन अंगांच्या नौका पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या लोकांच्या. नाव मद्रासचे आणि रूप पॉलिनेशियाचे, असा हा साहेबाने लावलेला विवाह आहे. आपल्या कोकणातल्या होडीला बाजूला आडव्या दांड्यांनी जोडलेला ओंडका असतो, ती उलांडी याच घराण्यातली धाकटी बहीण. मी ताईला 'जोडनाव' असा शब्द सुचवला. ती म्हणाली, "जोडनाव म्हणजे तुमच्याकडच्या बायका माहेर-सासर मिळून लावतात ते." मग 'जोडनौका' ठरले.

दाजींचे मन एका ४५ फुटी नव्या बोटीवर बसले होते. आत गेलो तर खरोखरच दिवाणखाना. सोफा, भट्टी, दोन फ्रिज, चारी बाजूंनी काचा. खाली प्रत्येक अंगात दोन, अशा चार निजायच्या खोल्या आणि खोलीगणिक संडास-न्हाणीघर. अशी रचना मुख्यत्वे भाड्याने देण्याच्या बोटींसाठी करतात. मालकासाठी दुसरी रचना असते, तीत एक अख्खे अंग नवरा-बायकोला. दाजींचे म्हणणे, मुले येतील, नातवंडे येतील.

"वर्षातून आठ दिवस येतील," ताई म्हणाली. "त्यांच्यासाठी उरलेलं वर्षभर चार संडास मी का घासू?"

मुद्दा केवळ घासण्याचा नव्हता. प्रत्येक संडासामागे पंप, नळ्या, झडपा आणि बोटीच्या अंगाला पाडलेली भोके येतात. जे बिघडू शकते ते समुद्रात बिघडते, हे दाजींनीच तिला शिकवले होते.

विक्रेता तरुण पलंगाची लांबी-रुंदी सांगत होता. ताईचे तिकडे लक्ष नव्हते. ती वर गच्चीवर गेली. या बोटीचे सुकाणूचे चाक गच्चीवर होते. तेथून दृश्य मोठे सुरेख. पण चाक गच्चीवर गेले की शीड ज्याला बांधतात तो आडवा दांडा त्याहूनही वर जातो. ताई पाच फूट एक इंच. तिने हात उंच केला, टाचा उंचावल्या, दांडा काही हाती लागेना. "आणि रात्री शीड गुंडाळायचं असलं तर?" तिने विचारले. तरुण म्हणाला, साहेब आहेत की! ताईने त्याच्याकडे पाहिले आणि खाली उतरून बूट घातले.

मला हे सारे थोडे हट्टाचे वाटले. त्या रात्री जेवणानंतर दाजी लवकर निजले, आणि आम्ही बहीण-भाऊ गॅलरीत बसलो.

"मागल्या वर्षीची गोष्ट तुला अर्धीच सांगितली होती," ताई म्हणाली. "रात्री दोन वाजता हे उठून बसले. विचारलं तर म्हणे पित्त आहे. घाम बघितला आणि मी गाडी काढली. वीस मिनिटांचा रस्ता. गाडी मला चालवता येत होती, म्हणून आज हे त्या खोलीत घोरताहेत."

हृदयात स्टेंट घातल्याचे मला ठाऊक होते. पित्ताचे ठाऊक नव्हते.

"मग हा बेत कशाला करतेस?"

"डॉक्टरांनी परवानगी दिलीय. आणि यांनी तीस वर्षं हे एकच मागितलंय. नाही कसं म्हणू? पण बोट मला एकटीला बंदरात आणता आली पाहिजे. यांना वाटतं, आपण दोघं चालवणार. अरे, दोघांनी कोण चालवतं? तीन-चार तास एकाचा पहारा, दुसरा झोपलेला, मग उलट. कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंत सुमारे सत्तावीसशे सागरी मैल, म्हणजे तीनेक आठवडे. त्यातला निम्मा वेळ मी बोटीवर एकटीच. ती रात्र कुठली असेल, ते काय आधी सांगून येणार आहे?"

दुसऱ्या दिवशी मी उघडपणे ताईचे वकीलपत्र घेतले. दाजींनी तिला ऐकवले, की बोट जितकी मोठी तितकी समुद्रात स्थिर, आणि हे अगदी खरे आहे. पण मोठ्या बोटीचे शीड मोठे, दोऱ्यांवरचा ताण मोठा आणि बंदराचे भाडेही मोठे. पुष्कळ बंदरांत कॅटमरानला रुंदीपायी दीडपट भाडे पडते, ते वेगळेच. गंमत अशी, की या जातीच्या बोटींचे सर्वांत मोठे सुख हाच त्यांचा धोकाही आहे. एकअंगी बोट वाऱ्याने कलते. वारा वाढला की पेले घरंगळतात आणि झोपलेला माणूसही उठून शीड आखडतो. कॅटमरान कलत नाही. चहा हिंदकळत नाही. वारा किती वाढला ते अंगाला कळतच नाही. ते यंत्राच्या आकड्यावर पाहावे लागते आणि ठरल्या आकड्याला शीड आखडावेच लागते. एकअंगी बोट तळाच्या जड शिशामुळे उलटली तरी बहुधा पुन्हा सुलटी होते. कॅटमरान उलटली की तरंगत राहते, पण उलटीच. असे क्वचित घडते, पण घडते.

"तुझ्या दाजींसारखीच आहे," ताई म्हणाली. "आत काय चाललंय ते सांगत नाही."

दाजी हसले, पण बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, दोनच माणसांना इतका हिशोब कशाला, जग चाललेय की. यावर ताईने 'तारिणी'चे नाव काढले. भारतीय नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोघी अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या होत्या आणि त्या घटकेला अजून समुद्रातच होत्या. (२९ मे २०२५ रोजी त्या गोव्याला सुखरूप पोहोचल्या.) "त्या तिशीतल्या नौदलातल्या मुली, आणि त्यांची बोट एकअंगी," दाजी म्हणाले. "दोघीच ना? एकीला झोप लागल्यावर दुसरी एकटीच ना?" ताई म्हणाली.

प्रदर्शनातून निघून आम्ही गाडीने कॅने-आँ-रुसियोंला गेलो. स्पेनच्या सरहद्दीजवळचे हे बंदर. येथे जुन्या कॅटमरानांचा व्यापार चालतो. ताईने चिठ्ठीवर लिहून आणलेली बोट ३८ फुटी, साडेसहा मीटर रुंद, पाण्यात सव्वा मीटरहून कमी उतरणारी. वय बारा वर्षे. सोफ्याचे कापड विटलेले. चाक मात्र बसायच्या जागेतच, बहुतेक दोऱ्या तेथवर आणलेल्या, आणि शिडाचा दांडा ताईच्या हाताला लागला! दोन अंगांत दोन इंजिने. एक पुढे, एक मागे चालवले की बोट जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरते.

बाहेर त्रामोंतान वाहत होता. जमिनीवरून समुद्राकडे येणारा हा तिकडचा कोरडा, झोंबरा वारा. यंत्र १८ नॉट दाखवत होते. अट अशी होती, की दाजींनी बसायचे आणि हात मांडीवर ठेवायचे. दलाल एका कोपऱ्यात, मी तरंगण्याचे जाकीट घालून दुसऱ्या कोपऱ्यात, देवाचे नाव घेत. ताईने शीड चढवले. वारा २२ वर गेला तसे तिने ते आखडायला घेतले, आणि एक दोरी अडकली. शीड तोफेसारखे फडफडू लागले. दाजी उठले.

"बसा," ताई म्हणाली.

दाजी बसले. ती डोलकाठीपर्यंत गेली, पीळ सोडवला, परत आली. मग तिने दलालाला खूण केली. त्याने धक्क्याला लावायचा एक रबरी फुगा पाण्यात फेकला. तो फुगा म्हणजे दाजी. पहिल्या खेपेला बोट त्याच्यावरून पुढे निघून गेली. दुसऱ्या खेपेला वाऱ्याने तिलाच बाजूला लोटले. या बोटी उंच आणि हलक्या, वाऱ्याला पटकन वश होतात. तिसऱ्या खेपेला ताईने शीड साफ खाली घेतले, इंजिनांवर सावकाश आली आणि मागच्या पायऱ्यांवर बसून फुगा हाताने उचलला. प्रत्येक अंगाच्या मागे पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या असतात, त्यांचा उपयोग मला तेव्हा कळला.

"अकरा मिनिटं," दाजी घड्याळ पाहून म्हणाले. त्यांचा आवाज वेगळा होता.

"उन्हाळ्यात पाचावर आणीन," ताई म्हणाली.

४५ फुटी बोटीचा विषय त्यानंतर निघाला नाही. जुन्या बोटीची रीतसर तपासणी पुढे झाली. बोट पाण्याबाहेर उचलतात आणि तपासनीस हातोडीने ठोकून ठोकून आवाज ऐकतो, कुंभारणीने मडके पारखावे तसा. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा जुन्या निघाल्या, त्यांपायी किंमत थोडी उतरली आणि जूनमध्ये व्यवहार झाला. हे मला फोनवर कळले.

त्याआधी एक आठवडा मी त्यांच्या घरी सामान बांधायला राहिलो होतो. जोडनौकेला वजन सोसत नाही. ती खाली दबली की मधल्या माजघराची तळपोशी पाण्याजवळ येते आणि लाटा खालून घणासारख्या बसतात. म्हणून ताईने वही घातली होती: पाणी ६०० लिटर, म्हणजे ६०० किलो. डिझेल ३५० किलो. नांगराची साखळी ८० मीटर, जवळजवळ दोनशे किलो. पुढे तांदूळ, डाळी, दाजींची हत्यारे. दाजींची पुस्तके एका रेघेत छाटली गेली. शेवटच्या पानावर आईचा पितळी खलबत्ता होता, साडेचार किलो. त्यापुढे ताईने काहीच लिहिले नव्हते. तीन दिवस तो ओट्यावर होता. चौथ्या दिवशी तो माझ्या बॅगेत निघाला, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला.

लंडनच्या विमानतळावर बॅग चार किलो जास्त भरली. मी तेथेच ती उघडली, आतले दोन स्वेटर आणि गरम कोट काढून अंगावर चढवले, बूट बदलले, ग्रंथालयासाठी घेतलेली दोन जाडी पुस्तके काखेत मारली आणि ऐन मेच्या उकाड्यात मुंबईला उतरलो.