पोटरीवरच्या निळ्या शिरा

कष्टकऱ्याच्या अंगावर चरबी चढत नाही, असा आपल्या वस्तीत समज आहे. आम्ही पोळी-भाजी केंद्रात काम करणाऱ्या सात बायका. पहाटे पाचपासून दुपारी एकपर्यंत ओट्याशी उभ्या. तरी आमच्यातल्या पाचजणींचे वजन जास्त आहे. हात राबतात, पाय मात्र एका जागी खिळलेले. त्यात पाच-सहा कप गोड चहा, आणि उरलेल्या पोळ्या टाकवत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १०० पैकी २४ स्त्रिया जादा वजनाच्या आढळल्या. हे दुखणे आता बंगल्यांपुरते राहिलेले नाही.

आमच्यातल्या थोरल्या मावशींच्या पोटरीवर कित्येक वर्षे निळ्या, गाठाळ शिरा होत्या. संध्याकाळी पाय सुजायचे. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट झाली होती. तिथे खाजवून जखम झाली, ती चार महिने भरेना. हळद झाली, मलम झाले. कुणी नजर म्हणाले, कुणी करणी. घरी बसले की रोज बुडतो, म्हणून मावशी चिंधी बांधून उभ्या राहायच्या.

शेवटी आम्ही दोघी त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरबाईंनी नीट समजावले. चालताना पोटरीचे स्नायू दाबले जातात आणि पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलतात. शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. तासन् तास उभे राहिले, त्यात पोटाच्या चरबीचा दाब पडला, की झडपा सैल होतात. रक्त खाली साचते, मग जखम भरत नाही. बाईंनी आधी पावलाची नाडी पाहिली, मगच घट्ट पट्टी बांधली. धमनी अरुंद झालेल्या पायाला अशी पट्टी घातक ठरते. विडी-सिगारेट आणि मधुमेह यांनी धमन्या अरुंद होतात; चालताना पोटरी दुखते, थांबले की उतरते, ही त्याची खूण.

मावशींची जखम भरायला तीन महिने लागले. मधल्या काळात आम्ही साऱ्याजणींनी मिळून मालकीणबाईंकडे स्टूल मागितले. एकटीचे ऐकले नसते, सातजणींचे ऐकावे लागले. आता पाळीपाळीने बसतो, दर तासाला चार पावले चालतो, उभ्या उभ्या टाचा वर-खाली करतो. चहा दोनच कप, साखर निम्मी. रात्री पायाखाली उशी.

भगिनींनो, कंबर मोजून पाहा. स्त्रीची ८० सेंटिमीटरवर, पुरुषाची ९० वर गेली असेल तर सावध व्हा. आणि एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, तर तो चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. एक रोज बुडाला तर बुडू द्या.