अंथरुणावरच्या आईला कोण उलटवणार? घरातल्या शुश्रूषेविषयी थोडंसं



दसरा जवळ आला की आमच्या जामखेडच्या दवाखान्यात एक मागणी हमखास येते. "डॉक्टर, आम्ही कारखान्याला चाललो. आईच्या सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. जामखेड तालुका आणि शेजारचे आष्टी, पाटोदा हे कमी पावसाचे, ऊसतोड मजुरांचे तालुके. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे मुलगा आणि सून दोघंही जातात. ती परततात उन्हाळ्याच्या तोंडावर. गावात राहतात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी नातवंडं. पुण्या-मुंबईला किंवा परदेशात नोकरी करणाऱ्यांच्या आईवडिलांची गोष्ट फार वेगळी नाही, फक्त तिथे कोयत्याच्या जागी लॅपटॉप असतो.

"आईला टाकून कसे जाता?" असं मी कोणालाच विचारत नाही. उचल फिटल्याशिवाय घर चालत नाही, हे मला माहीत आहे. पण गोळ्या लिहून झाल्यावर मी एक प्रश्न विचारतो. "आईला कुशीवर कोण वळवणार?"

हा प्रश्न का, ते समजून घ्या. अंथरुणाला खिळलेलं माणूस पुष्कळदा मूळ आजाराने जात नाही. लकवा झालेला असतो, पण जीव जातो पाठीच्या जखमेतल्या जंतुसंसर्गाने, छातीत अन्न उतरून झालेल्या न्यूमोनियाने, नाहीतर पाणी कमी पडल्याने. या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी टाळता येतात, आणि ते काम गोळीपेक्षा हात जास्त चांगलं करतात.

१. पाठीच्या जखमा (बेडसोर)

एकाच जागी शरीराचा भार राहिला की तिथल्या कातडीचा रक्तपुरवठा दबतो. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, खांदे या हाडाच्या जागा आधी जातात.

- दर दोन तासांनी कूस बदला. डावी कूस, पाठ, उजवी कूस. हवेची गादी घेतली तरी कूस बदलावीच लागते.
- दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवा. पोटरीखाली घडी केलेली गोधडी ठेवून टाचा अधांतरी राहू द्या.
- वर सरकवताना ओढू नका. खाली चादर घाला आणि दोघांनी चादरीसकट उचला. ओढल्याने कातडी सोलवटते.
- रोज अंघोळ घालताना किंवा अंग पुसताना या जागा डोळ्यांनी बघा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. म्हणून हात लावून बघा. जागा गरम, कडक किंवा आजूबाजूपेक्षा काळसर वाटली तर ती जखमेची सुरुवात समजा आणि तिच्यावर भार देऊ नका.
- अशी जागा चोळू नका. तिच्याखाली कापडाची चुंबळ ठेवायची पद्धत आपल्याकडे आहे, ती बंद करा. चुंबळीच्या कडेने रक्तपुरवठा आणखी दबतो.
- जखम झालीच तर हळद, पावडर, स्पिरिट काही भरू नका. डॉक्टरांना दाखवा.
- लघवी-शौचाने ओली झालेली दुपटी लगेच बदला. ओली कातडी लवकर फाटते.

२. भरवणं

आडवं ठेवून पाणी पाजू नका. पाठीला तक्क्या किंवा भिंतीचा आधार देऊन बसवा, हनुवटी किंचित खाली ठेवा, छोटा घास द्या आणि तो गिळल्याची खात्री करून पुढचा द्या. जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवा. पाणी पिताना ठसका लागतो, जेवणानंतर आवाज घोगरा, ओलसर येतो, ही अन्न श्वासनलिकेत जात असल्याची खूण असू शकते. अशांना पातळ पाण्यापेक्षा दाटसर पेज, मऊ भात-वरण बरं पडतं. पण एकदा तपासून घ्या. तोंड रोज दोनदा स्वच्छ करा. दात नसले तरी करा. तोंडातले जंतूच पुढे छातीत उतरतात.

३. पाणी

उतारवयात तहान कमी लागते. शिवाय आपल्या आज्या मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण लघवीला उठवायला कोणाला हाक मारायची, हा संकोच असतो. त्यामुळे "पाणी पिता का?" असं विचारू नका, तांब्या भरून ठेवा आणि संध्याकाळी तो किती रिकामा झाला ते बघा. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारासाठी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल तर ते प्रमाण पाळा.

४. अचानक बरळणं

"म्हातारपणामुळे डोकं फिरलंय" हे वाक्य मी फार ऐकतो. विसरभोळेपणा महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो. कालपर्यंत ओळखणारी आई आज बरळायला लागली, रात्री उठून जायला लागली किंवा नुसती गुंगीत पडून राहिली, तर तो आजार आहे. लघवीतला संसर्ग, न्यूमोनिया, साखर किंवा सोडियम कमी होणं, लघवी तुंबणं, खडा होणं, नवीन सुरू केलेली गोळी, यांपैकी काहीही असू शकतं. म्हाताऱ्या माणसाला अशा वेळी ताप येईलच असं नाही. त्याच दिवशी दवाखान्यात आणा. मधुमेहाची गोळी चालू आहे आणि जेवण अर्ध्या भाकरीवर आलंय, असं असेल तर साखर कमी झाल्याची शंका आधी घ्या. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर साखरपाणी द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.

मग हे करणार कोण?

"नर्स ठेवणं आम्हाला परवडत नाही," हे उत्तर मला ठाऊक आहे. पण या बाबतीत जामखेडने जगाला एक गोष्ट शिकवली आहे, ती आपणच विसरतो. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे इथे आले आणि त्यांनी सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यात डॉक्टर नव्हते. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यातल्या पुष्कळ जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, अनेक जणी दलित समाजातल्या होत्या. त्यांनी बाळंतपणं केली, मुलांची वजनं घेतली, क्षयाचे आणि कुष्ठरोगाचे रुग्ण शोधले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे काम पाहायला आजही देशोदेशीचे लोक येतात.

त्या कामातून मी घेतलेला धडा साधा आहे. काळजी घेणं ही शिकवता येणारी गोष्ट आहे, आणि ती शिकायला पदवी लागत नाही. १९७० मध्ये पंचविशीत असलेली बाई आज ऐंशीच्या घरात आहे. तेव्हा तिचं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून गाव शिकलं. आता तिला कुशीवर वळवायला गावाने शिकायला हवं.

माझी आई शेवटचे अकरा महिने अंथरुणावर होती. तिची औषधं मी लिहीत होतो. पण तिच्या पाठीला अखेरपर्यंत जखम झाली नाही, त्याचं श्रेय माझ्या बायकोचं आणि कामाला येणाऱ्या एका मावशींचं. मावशींची शाळा चौथीपर्यंत झालेली. कूस बदलल्याची वेळ त्या भिंतीवर कोळशाने रेघ मारून ठेवत. एम.डी.च्या माझ्या पुस्तकात ही पद्धत नव्हती.

बाहेरगावी जाण्याआधी एवढं करा

- एकाच माणसावर सगळं टाकू नका. सकाळी कोण, दुपारी कोण, रात्री कोण, हे नावानिशी ठरवा. भावकी, शेजारीण, लेक, जी कोणी असेल ती. शेजारणीला शक्य तेवढे पैसे द्या. हे काम आहे, त्याची मजुरी असते.
- दहा-बारा वर्षांच्या नातीवर ही जबाबदारी टाकून तिची शाळा बुडवू नका. पाणी देणं, फोन लावणं एवढंच मुलांकडे ठेवा.
- जाण्याआधी आठवडाभर सांभाळणाऱ्या व्यक्तीकडून सगळं तुमच्यासमोर करून घ्या. तिला दवाखान्यात घेऊन या, मी दाखवीन.
- सगळ्या गोळ्या एका पिशवीत ठेवा. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका, म्हाताऱ्या किडनीला त्या झेपत नाहीत.
- गावातल्या आशाताईंना सांगून जा.
- ७० वर्षांपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळतं. ते काढून ठेवा. योजनेतल्या रुग्णालयात भरती करावं लागलं तर वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार त्यावर होतो. घरी सांभाळणारं माणूस मात्र त्यातून मिळत नाही, ते तुम्हालाच उभं करावं लागतं.
- ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे. नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहा.

सांभाळणाऱ्या सुनेसाठी, लेकीसाठी

तुमची कंबर दुखते, झोप होत नाही, कधी चिडचिड होते आणि मग अपराधी वाटतं. हे सांगणाऱ्या बायका मला रोज भेटतात. तुम्ही वाईट नाही, तुम्ही थकलेल्या आहात. आठवड्यातून एक दिवस दुसऱ्या कोणीतरी करायलाच हवं. घरातल्या पुरुषांनो, आईला वळवायला ताकद लागते आणि ती तुमच्याकडे आहे. सुट्टीला आलात की तब्येतीची चौकशी करून बसून राहू नका. चादरीचं एक टोक धरा.

आज घरी गेल्यावर अंथरुणावरच्या माणसाच्या टाचा आणि माकडहाड एकदा नीट बघा. काही काळसर, गरम लागलं तर वाट बघू नका, दवाखान्यात या.

काळजी घ्या.