अरबी समुद्रापलीकडचे आवाज

हातात मावणारा स्कॅनर म्हणजे ठरवून दिलेल्या वारंवारिता एकामागून एक तपासत जाणारा आणि जिथे संकेत सापडेल तिथे थांबणारा रेडिओ. त्याला किती दूरचे ऐकू येते, हा प्रश्न बहुधा उपकरणाच्या किमतीच्या अंगाने विचारला जातो. प्रस्तुत लेखकाला गुहागरच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात आलेला अनुभव मात्र असा आहे, की हा प्रश्न मुख्यतः हवेचा, आणि त्याखालोखाल ऐकणाऱ्याच्या संशयी वृत्तीचा असतो.

एफएम प्रक्षेपण 88 ते 108 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात होते आणि या लहरी आकाशातील आयनावरणावरून सहसा परतत नाहीत, त्या जवळजवळ सरळ रेषेत जातात. हवेच्या घनतेमुळे त्या पृथ्वीकडे किंचित वाकतात हे हिशेबात धरले, तरी 150 मीटर उंच मनोऱ्यावरचे केंद्र जमिनीपासून दीड मीटरवर धरलेल्या स्कॅनरला सुमारे 55 किलोमीटरपर्यंतच नीट मिळावे. त्यापलीकडे क्षितिजाची आडकाठी येते. गुहागरपासून मस्कत सुमारे 1700 किलोमीटर दूर आहे आणि तरीही एप्रिल-मेच्या काही रात्री तिकडच्या बाजूचे अरबी निवेदन साध्या दांडी-अँटेनावर येते.

याचे कारण समुद्रावरच्या हवेच्या थरांत आहे. अरबस्तानच्या वाळवंटातून आलेली उष्ण व कोरडी हवा तुलनेने थंड आणि दमट सागरी हवेवर पसरते. नेहमी उंचीबरोबर तापमान घटत जाते, तसे न होता ते काही अंतरापर्यंत वाढते, आणि आर्द्रता मात्र एकदम कोसळते. या स्थितीला तापमानाची विपरीतता म्हणतात. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे लहरीला वाकवण्याची तिची क्षमता, तेथे इतक्या वेगाने कमी होतो, की लहरीचा बाक पृथ्वीच्या गोलाईपेक्षाही अधिक होतो. ती वरच्या थरातून खाली वळते, समुद्रपृष्ठावरून पुन्हा वर जाते, आणि या दोहोंमध्ये कोंडली जाऊन पन्हळीतल्या पाण्याप्रमाणे पुढे सरकत राहते. या कोंडलेल्या मार्गाला तंत्रज्ञ डक्ट म्हणतात. लहर जितकी लांब तितका डक्ट जाड लागतो, आणि एफएमच्या तीन मीटर लांबीच्या लहरींसाठी तो 200 मीटरांहून अधिक जाडीचा असावा लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईजवळच्या 200 मेगाहर्ट्झच्या रडारवर उन्हाळ्यात थेट अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटत असत, आणि लहरींच्या प्रसारावरच्या अभ्यासात हे उदाहरण आजही दिले जाते. रडारची लहर जाऊन परत येते, म्हणजे तिला तो प्रवास दोनदा करावा लागतो, हे लक्षात घेतले तर एकेरी प्रवास करणाऱ्या एफएम केंद्राविषयीचे नवल काहीसे ओसरते.

डोंगरावर चढले की अधिक दूरचे मिळते, हा सामान्य नियम येथे उलटा पडतो. घाटमाथा डक्टच्या वर राहतो, त्यामुळे तेथे शेजारच्या जिल्ह्यांतील केंद्रांची दाटी होते, परंतु समुद्रापलीकडचे काही येत नाही, तर वाळूवर उभ्या असलेल्या माणसाला ते मिळते. मुंबईत स्थानिक केंद्रांमुळे पट्टाच भरलेला असतो. शिवाय एफएममध्ये दोन संकेतांपैकी प्रबळ संकेत दुर्बळाला पुरता दाबून टाकतो, म्हणून रिकाम्या वारंवारिता असलेले किनारी गाव अधिक उपयोगी ठरते. स्कॅनरसोबत मिळणारी आखूड रबरी अँटेना बाजूला ठेवून सुमारे 75 सेंटीमीटर, म्हणजे तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतकी, उघडणारी दांडी लावली आणि खरखर दाबणारी स्क्वेल्च ही कळ पूर्ण मोकळी सोडली, की प्रथम नुसती खरखर ऐकू येते, मग तिच्यातच एक लय जाणवते, आणि काही मिनिटांत स्पष्ट निवेदन वर येऊन तितक्याच सावकाश बुडते. हा संथ चढउतार डक्टचा विशेष आहे.

खरी कसोटी ओळखीची असते, कारण स्कॅनर केंद्राचे नाव सांगत नाही आणि भाषाही फसवते. आखातात हिंदी आणि मलयाळम केंद्रे आहेत, त्यामुळे मलयाळम गाणे लागले की केरळ हाती आले असे मानणे घाईचे ठरते. घड्याळ अधिक विश्वासू आहे. ओमान आणि अमिरातींची वेळ भारतापेक्षा दीड तास मागे आहे, म्हणून त्यांच्या पूर्ण तासाच्या बातम्या आपल्याकडे साडेआठ, साडेनऊ अशा वेळी येतात. पाकिस्तान अर्धा तास मागे असल्याने तेथील बातम्याही अर्ध्या तासावरच पडतात, त्यामुळे एवढ्याने निकाल लागत नाही. तेव्हा सूर्यास्ताला होणारी मगरिबची अजान उपयोगी पडते. मेच्या मध्यास ती कराचीहून भारतीय वेळेनुसार साडेसातच्या आसपास, मस्कतहून सव्वाआठच्या सुमारास आणि दुबईहून त्यानंतर सुमारे दहा मिनिटांनी यावी. पंचांग जवळ बाळगणाऱ्या घरातल्या माणसाला ही रीत परकी वाटू नये.

दूरचे म्हणून नोंदलेले पुष्कळ संकेत मुळात दूरचे नसतातच. जवळच्या दोन प्रबळ केंद्रांचे मिश्रण स्कॅनरच्या आतच होऊन तिसऱ्याच वारंवारितेवर भूत उभे राहते. ते ओळखण्यासाठी येणारा संकेत मुद्दाम क्षीण करणारी अ‍ॅटेन्युएटर ही कळ दाबावी. तिने खरा संकेत 10 डेसिबलने उतरला, तर अशा मिश्रणाचा नेहमीचा प्रकार 30 डेसिबलने उतरतो, म्हणजे बहुधा नाहीसाच होतो. ही कळ न दाबता केलेली नोंद, ती कितीही रोमांचक असली तरी, प्रस्तुत लेखकाच्या मते वहीतून खोडावी.

मान्सूनचे वारे स्थिरावले की हवेचे थर ढवळले जातात, विपरीतता मोडते आणि पश्चिमेकडचा पट्टा रिकामा होतो. त्या महिन्यांत स्कॅनर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे वळवता येतो, आणि जमिनीवरच्या केंद्रासाठी इतकी खटपट केल्यानंतर हे काम जवळजवळ अन्यायकारक सोपे वाटते. स्थानक सुमारे 400 किलोमीटर उंचीवर असते आणि मध्ये काहीच आडवे येत नसल्यामुळे त्यावरील हौशी रेडिओचा 145.800 मेगाहर्ट्झवरचा संकेत, प्रक्षेपण चालू असेल तर, ढगांतूनही सहज मिळतो. स्थानक ताशी सुमारे 28,000 किलोमीटर वेगाने जवळ येत असते, म्हणून वारंवारिता आरंभी तीन किलोहर्ट्झांहून थोडी वर आणि दूर जाताना तितकीच खाली सरकलेली भासते. त्यासाठी 145.805, 145.800 आणि 145.795 या तीन वारंवारिता आधीच साठवून ठेवाव्यात आणि दहा मिनिटांच्या फेरीत त्याच क्रमाने बदलाव्यात.