तुटीचा कौल

३१ मे २०१२ रोजी आयर्लंडच्या मतदारांच्या हातात पडलेल्या मतपत्रिकेवर कर्ज, तूट, कर, पेन्शन यांतला एकही शब्द नव्हता. राज्यघटनेच्या तिसाव्या दुरुस्तीच्या विधेयकाचं लांबलचक नाव, ते तुम्हांला मान्य आहे का हा प्रश्न, आणि खाली होकार-नकाराच्या दोन चौकटी. एवढंच. त्या चौकटीत फुली मारणाऱ्याकडून अपेक्षा मात्र अशी होती, की देशानं पुढची कित्येक वर्षं किती उधारी करावी यावर त्यानं मत द्यावं.

मी सार्वजनिक वित्त हा विषय शिकवतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी तेव्हा डब्लिनमध्ये नोकरीला होती. आयरिश नागरिकत्व घेतल्यामुळे तिला सार्वमतात मत होतं. तिथे स्थानिक निवडणुकीत परदेशी रहिवाशांनाही मत देता येतं, सार्वमतात फक्त नागरिकांना. मतदानाच्या थोडं आधी तिचा फोन आला. ''सर, घरी आलेली पुस्तिका दोनदा वाचली. वाक्यं कळतात, पण फुली कुठे मारायची ते कळत नाही.'' मी म्हटलं, ''करार चांगला की वाईट हे बाजूला ठेव. 'हो' म्हटलं तर दुसऱ्या दिवशी काय बदलेल आणि 'नाही' म्हटलं तर काय बदलेल, एवढंच आधी शोध.'' तिला हे उत्तर टाळाटाळीचं वाटलं असावं. पण आर्थिक प्रश्नावरच्या सार्वमतात निम्म्याहून जास्त काम या एका प्रश्नानं होतं, असं माझं मत आहे, आणि आयर्लंडचं उदाहरण त्यासाठी फार सोयीचं आहे.

मुळात लोकांना विचारायची वेळ का आली? युरोपीय महासंघातल्या २७ पैकी २५ देशांनी २ मार्च २०१२ रोजी राजकोषीय शिस्तीचा करार केला. ब्रिटन आणि चेक प्रजासत्ताक बाहेर राहिले. इतर देशांनी तो संसदेत मंजूर करून टाकला. आयर्लंडमध्ये ते जमलं नाही, कारण रेमंड क्रॉटी या शेती करता करता अर्थशास्त्राकडे वळलेल्या गृहस्थांनी १९८७ साली सर्वोच्च न्यायालयात सरकारला हरवलं होतं. देशाच्या सार्वभौम अधिकारांना हात लावणारा युरोपीय करार लोकांना विचारल्याशिवाय स्वीकारता येणार नाही, असा तो निकाल. एका अर्थतज्ज्ञाच्या खटल्यामुळे सगळ्या देशाला अर्थशास्त्राची परीक्षा द्यावी लागावी, याची मला गंमत वाटते.

करारातलं मुख्य कलम असं: देशाची 'संरचनात्मक तूट' जीडीपीच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त असू नये, ज्याचं कर्ज साठ टक्क्यांच्या बरंच खाली आहे त्याला एक टक्क्याची मुभा. संरचनात्मक तूट म्हणजे तेजी-मंदीचा परिणाम वगळून उरणारी तूट. शेतकऱ्यानं या वर्षीचा पाऊस बाजूला ठेवून, सरासरी पावसाचं वर्ष धरून आपला जमाखर्च मांडावा, तसं. कल्पना उत्तम आहे. अडचण अशी की पावसाची सरासरी काढायला पर्जन्यमापक असतो, नोंदी असतात. अर्थव्यवस्थेचं 'सरासरी वर्ष' कुठलं हे मोजायचं यंत्र कुणाकडे नाही. ते अंदाजानं ठरतं, आणि अंदाज मागाहून बदलतात.

आयर्लंडइतका याचा कडू अनुभव क्वचितच कुणाला आला असेल. २००६ सालचं त्यांचं अंदाजपत्रक शिलकीचं होतं. २००७ अखेर सरकारी कर्ज जीडीपीच्या सुमारे २५ टक्के, म्हणजे जर्मनीपेक्षा कितीतरी कमी. तेव्हाच्या आकडेमोडीनुसार संरचनात्मक हिशेबही ठीकच दिसत होता. हा करार त्या वेळी असता, तर आयर्लंड वर्गात पहिला आला असता. पण ती शिल्लक घरबांधणीच्या तेजीची होती: स्टॅम्प ड्युटी, नव्या घरांवरचा मूल्यवर्धित कर, जमीनजुमल्याच्या नफ्यावरचा कर. तेजी बसली आणि हा सगळा महसूल तिच्याबरोबर गेला. सप्टेंबर २००८ अखेरीस सरकारनं बँकांच्या देण्यांना एका रात्रीत हमी दिली, आणि बुडीत बँकांचा खड्डा सरकारी तिजोरीतून भरावा लागला. २०१० साली तूट जीडीपीच्या ३२ टक्क्यांवर गेली. हा आकडा छपाईची चूक नाही. त्या वर्षी नोव्हेंबरात देशाला ८५ अब्ज युरोच्या मदत-कार्यक्रमाला होकार द्यावा लागला. त्यातले साडेसतरा अब्ज आयर्लंडचे स्वतःचेच, म्हणजे रोकड आणि पेन्शनसाठी बाजूला ठेवलेल्या निधीतले. संकट आल्यावर तज्ज्ञांनी जुन्या वर्षांची संरचनात्मक तूट पुन्हा मोजली. जिथे शिल्लक दिसली होती तिथे मोठी तूट निघाली.

नकाराच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा माझ्या मते हा होता, आणि तो प्रचारात फारच कमी ऐकू आला. ज्या आजारानं रोगी खाटेला खिळला तो या औषधानं टळला नसता. सरकार उधळं नव्हतं. बँका आणि घरांच्या किमती उधळल्या होत्या. नकाराचे फलक मात्र 'काटकसरीला नाही म्हणा' एवढंच सांगत होते.

दुसरं कलम कर्जाचं. साठ टक्क्यांच्या वर जेवढं कर्ज आहे, त्याचा विसावा भाग दर वर्षी कमी करायचा. आयर्लंडचं कर्ज तेव्हा १२० टक्क्यांकडे चाललं होतं. म्हणजे जास्तीचे साठ, त्याचा विसावा भाग तीन टक्के. 'दर वर्षी जीडीपीच्या तीन टक्के कर्ज फेडायचं, म्हणजे इस्पितळं बंद करायची' असं तेव्हा सर्रास बोललं जाई. इथे कागद-पेन्सिल घ्यायला हवी. कमी करायचं आहे ते कर्जाचं जीडीपीशी असलेलं प्रमाण. महागाई धरून जीडीपी ४ टक्के वाढला आणि सरकारनं एक पैही फेडली नाही, नवं कर्जही घेतलं नाही, तर १२० चं प्रमाण आपोआप ११५.४ वर येतं. दोन टक्के तूट केली तरी ते ११७.४ होतं, म्हणजे तीनच्या अटीला थोडंसंच कमी पडतं. पण हीच वाढ अडीच टक्क्यांवर आली, तर तूट शून्य ठेवूनही प्रमाण जेमतेम २.९ नं घटतं. म्हणजे हा नियम तेजीत जवळजवळ फुकट आणि मंदीत असह्य. चांगला राजकोषीय नियम याच्या बरोबर उलट वागायला हवा. शिवाय आयर्लंडपुरतं हे कलम लगेच लागूच नव्हतं. आधी तूट तीन टक्क्यांखाली आणायची, त्यानंतर तीन वर्षांची सवलत. म्हणजे त्याचा खरा अंमल २०१९ पासून.

आणि आता तो प्रश्न, जो मी फोनवर विचारायला सांगितला होता. विसाव्या भागाचा नियम डिसेंबर २०११ पासूनच महासंघाच्या कायद्यात आलेला होता. 'नाही' म्हटल्यानं तो जाणार नव्हता. करारही थांबणार नव्हता. युरो वापरणाऱ्या बारा देशांनी मान्यता दिली की तो लागू होणार, असं त्यातच लिहिलं होतं. आयर्लंडकडे नकाराधिकारच नव्हता. नकारानं बदलणार होतं ते एकच: मार्च २०१३ पासून युरोपच्या नव्या कायमस्वरूपी संकट-निधीतून मदत फक्त या कराराला मान्यता देणाऱ्यांना मिळणार होती. विरोधक याला ब्लॅकमेल म्हणत, आणि त्यांचं फारसं चुकत नव्हतं. पण ब्लॅकमेल असलं म्हणून हिशेब बदलत नाही. सरकार तेव्हा खर्चासाठी दर वर्षी जीडीपीच्या सुमारे ८ टक्के उसने घेत होतं, चालू मदत-कार्यक्रम २०१३ अखेरीस संपणार होता आणि बाजारातून पैसे मिळतील याची खात्री कुणालाच नव्हती. उसने देणारा राहिला नाही, तर तूट एका वर्षात शून्यावर आणावी लागते. काटकसरीला नकार देणाऱ्याच्या पदरात सर्वांत कडक काटकसर पडण्याची शक्यता होती.

यावर नकारवाल्यांचं उत्तर असं की, वेळ आली तर युरोप आयर्लंडला बुडू देणार नाही. एक बुडाला तर इतरही बुडतील. हे उत्तर मूर्खपणाचं नव्हतं. त्याच मे महिन्यात फ्रान्समध्ये ओलांद निवडून आले होते, ग्रीसमध्ये कुणालाच बहुमत नव्हतं, स्पेनची बांकिया बँक सरकारला ताब्यात घ्यावी लागली होती. थोडं थांबलो तर अटी सैल होतील, असं वाटण्यासारखं वातावरण होतं. पण तो समोरच्याच्या मनाचा अंदाज झाला, आणि आपल्या हातात पत्ते कुठले आहेत हे पाहूनच तसा डाव टाकायचा असतो. आइसलँडनं टाकला आणि तो जिंकला. तिथल्या बुडालेल्या बँकेच्या ब्रिटिश आणि डच ठेवीदारांची भरपाई करदात्यांनी करावी का, यावर २०१० साली ९३ टक्क्यांनी नकार दिला, २०११ मध्ये सुधारलेल्या अटींनाही नकार दिला, आणि जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाचा निकाल आइसलँडच्या बाजूनं लागला. त्यांच्याकडे स्वतःचं चलन होतं आणि मतपत्रिकेवरच्या करारात दुसरा पक्ष त्यांच्या सहीसाठी खोळंबलेला होता.

ग्रीसकडे यातलं काहीच नव्हतं. ५ जुलै २०१५ च्या ग्रीक मतपत्रिकेवर कर्जदात्यांच्या दोन दस्तऐवजांची नावं होती, आणि 'नाही'ची चौकट 'हो'च्या वर छापली होती. मतदान झालं तेव्हा ज्या कार्यक्रमाबद्दल ते दस्तऐवज होते, त्याची मुदत ३० जूनलाच संपलेली होती. ६१ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. आठवडा-सव्वा आठवड्यात त्याच सरकारनं जास्त कडक अटींना होकार दिला. ग्रीक मतदार चुकला असं मी म्हणणार नाही. त्याला जो प्रश्न विचारला होता त्याच्या दोन्ही उत्तरांनंतर रस्ता एकच होता. असं सार्वमत घेणं हा मतदाराचा अपमान आहे.

आयर्लंडमध्ये निदान प्रक्रिया नेटकी होती, हे सांगायला हवं. तिथे न्यायालयाच्या १९९५ च्या निकालामुळे सरकारला एका बाजूच्या प्रचारावर जनतेचा पैसा खर्च करता येत नाही. प्रस्तावाची तटस्थ माहिती देण्याचं काम तेव्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालचा स्वतंत्र आयोग करत असे. तरीही किती जणांनी करारावर मत दिलं आणि किती जणांनी रागावर, हे सांगणं कठीण आहे. त्याच वर्षी प्रत्येक घरावर शंभर युरोची पट्टी बसवली होती, बेकारी १५ टक्क्यांच्या आसपास होती. निकाल ६०.४ विरुद्ध ३९.६ टक्के असा होकाराचा लागला. मतदान निम्म्याहून किंचित जास्त. ४३ पैकी फक्त पाच मतदारसंघांत नकार: डनिगॉलचे दोन आणि डब्लिनचे तीन. डब्लिनच्याच सुखवस्तू भागात होकार पंचाहत्तर टक्क्यांच्या घरात गेला. एका शहरातली ही दोन टोकं पाहिली की संरचनात्मक तुटीचं कलम कुणी वाचलं असेल याबद्दल शंका येते.

आपल्याकडे हा प्रश्न कधी मतपत्रिकेवर आलाच नाही. जनमत कौल म्हटलं की मराठी माणसाला १९६७ चा गोवा आठवतो, आणि तो विलीनीकरणाचा होता, पैशाचा नव्हे. राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा केंद्रानं २००३ मध्ये आणि महाराष्ट्रानं त्यानंतर दोनच वर्षांत केला, दोन्ही सभागृहांत, फारसा गाजावाजा न होता. केंद्राची तीन टक्क्यांची मर्यादा किती वेळा पुढे ढकलली गेली याचा पाढा आमचे विद्यार्थी घोकतात. राज्यघटनेत सार्वमताची तरतूदच नाही, आणि अशा विषयांवर ती असावी असं मला वाटत नाही. मात्र तुटीचा आकडा निवडणुकीत कुणी विचारतही नाही, हे दुसरं टोकही काही बरं नाही.

त्या मतदानाच्या वेळी मी डब्लिनमध्ये मतदार असतो तर होकाराच्या चौकटीत फुली मारली असती. करार आवडला म्हणून नव्हे. नियम सदोष आहे हे माहीत असूनही. नियम कसाही मानेवर बसणारच होता, मग संकट-निधीचा दरवाजा का बंद करून घ्यायचा? पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेनं अडचणीतल्या देशांचे रोखे हवे तितके विकत घेण्याची योजना जाहीर केली, आणि त्या योजनेची वाट याच निधीतून जात होती. मेमध्ये हे कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं. विमा म्हणतात तो असाच असतो. आयर्लंडनं तो कधी वापरला नाही. २०१३ च्या डिसेंबरात देश मदत-कार्यक्रमातून बाहेर पडला.

नंतरची एक गोष्ट सांगायलाच हवी. २०१५ या एका वर्षात आयर्लंडचा जीडीपी २६ टक्के वाढल्याचं नंतर जाहीर झालं. कारखाने वाढले नव्हते. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा आयरिश खात्यांवर आणून ठेवली होती. भागाकारातला छेद फुगला आणि कर्जाचं प्रमाण शंभरावरून ऐंशीच्या खाली आलं. विसाव्या भागाच्या नियमासाठी जे करायला अनेक वर्षांची काटकसर लागणार होती, ते हिशेबाच्या वह्या हलवून झालं. तेव्हापासून आयर्लंडचं सांख्यिकी खातं स्वतःसाठी वेगळा, सुधारलेला आकडा काढतं.

एप्रिल २०२४ मध्ये महासंघानं राजकोषीय नियम बदलले आणि विसाव्या भागाची अट कायद्यातून काढून टाकली. त्यासाठी आयर्लंडमध्ये सार्वमत झालं नाही. करार मान्य करायची मुभा देणारं २०१२ चं वाक्य मात्र त्यांच्या राज्यघटनेच्या २९ व्या अनुच्छेदात आजही आहे.