सिनेमाच्या खोलीतला थोरला

भिंत आणि छत जिथे भेटतात तिथे, खोलीच्या चारही अंगांनी, हा असतो. दीड फूट रुंद, आठ-दहा इंच खाली उतरलेला. आर्किटेक्ट त्याला सोफिट म्हणतात. होम थिएटर बघायला आलेले पाहुणे पडद्याचं आणि आरामखुर्च्यांचं कौतुक करतात. याच्याकडे नजर जाते ती दिवे मंद होताना, त्याच्या कडेआडून निघालेला उजेड छतावर पसरलेला दिसतो तेव्हा.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये तो बहुधा बीममुळे जन्माला येतो. तिसऱ्या बेडरूमचं थिएटर करायचं ठरतं आणि एका बाजूला काँक्रीटचा बीम खाली आलेला असतो. त्याला हात लावता येत नाही, लावूही नये. मग उरलेल्या तीन बाजूही तेवढ्याच उतरवायच्या. एकदा ही पेटी झाली की एसीची तांब्याची नळी, ड्रेनचा पाइप, मागच्या स्पीकरच्या वायरी, एलईडीचे ड्रायव्हर, सगळं तिच्यात जातं. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या भावासारखा हा घरच्या साऱ्या कटकटी पोटात घालतो आणि चेहरा नीटनेटका ठेवतो.

मात्र पोट रिकामं ठेवलं तर तो बोलू लागतो. जीआय चॅनेलवर साडेबारा मिलिमीटरचा जिप्समचा एकच थर आणि आत नुसती हवा, म्हणजे सबवूफर घुमला की बोर्ड थरथरणारच. दुहेरी बोर्ड लावा, आत रॉकवूल भरा, स्क्रू जवळ जवळ मारा. पुट्टी लागण्याआधी सबवूफर आणून 30 ते 120 हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा स्वर वाजवायचा आणि तळहात टेकवून कडेकडेने फिरायचं. हाताला जिथे मुंग्या येतात तिथे आणखी एक स्क्रू. त्याहून चांगलं म्हणजे खालच्या अंगाला जिप्समऐवजी कापड ताणावं. खालचे स्वर कोपऱ्यांत साचतात. कापडामागचं रॉकवूल त्यातला काही भाग शोषून घेतं आणि संवाद स्वच्छ ऐकू येतात.

सजावटीच्या बाबतीत त्याचं घराणं थोर आहे. मुंबईची जुनी चित्रपटगृहं आठवा: कुलाब्याचं 1933 चं रीगल, चर्चगेटचं 1938 चं इरॉस, मरीन लाइन्सचं 1949 चं लिबर्टी. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या रेषा आणि दिवा न दिसता दिसणारा उजेड ही त्यांच्या आर्ट डेको शैलीची देणगी आजही त्याला शोभते. साडेनऊ फुटांच्या खोलीत दोन पायऱ्या पुरे. तिसरी डोक्यावर येते. पीओपीची फुलं आणि वेलबुट्ट्या दिवाणखान्यात खुशाल असू द्यात, इथे त्या नकोत. पडद्यावरचा प्रत्येक उजळ प्रसंग त्यांच्या उंचवट्यांवर सावल्या पाडतो आणि डोळा तिकडे ओढला जातो.

रंगाच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. पांढरा सोफिट पडद्याचा उजेड पुन्हा पडद्यावरच टाकतो आणि रात्रीचा प्रसंग राखाडी दिसू लागतो. पडद्याजवळ तरी गडद, बिनचमकेचा रंग हवाच. एलईडी पट्टी 3000 केल्विनची, उबदार, डिमरवर घ्यावी. तिच्यापुढची उभी कड किती उंच ठेवायची ते कागदावर ठरवू नका. पुठ्ठ्याची पट्टी तात्पुरती लावा आणि नुसतं खुर्चीत बसून न बघता दारात उभं राहूनही समोरच्या बाजूला बघा. उभ्या माणसाची नजर कडेवरून जास्त खोल जाते. तिथून एलईडीचे ठिपके दिसले तर कड वाढवा.

हे सगळं जमलेला सोफिट वर्षानुवर्षं मुकाट काम करतो. तरी ड्रायव्हर एक दिवस जाणारच, ड्रेनही कधीतरी तुंबणार. म्हणून त्यांच्याखाली हात जाईल एवढं ट्रॅप डोअर ठेवा, आणि बोर्ड चढवण्याआधी आतल्या वायरी-पाइपांचे फोटो काढून ठेवा.