दाणा धरू न देण्याचं काम

शिरोड्याच्या मिठागरांत खाडीचं पाणी वाफ्यांत घेतात, ऊन ते आटवतं आणि पाण्यात न दिसणारं मीठ दाणा धरतं. १९३० साली याच मिठासाठी इथे सत्याग्रह झाला. मी या गावची, पण औषधं घडवण्याच्या धंद्यात माझं काम नेमकं उलटं आहे: दाणा धरू न देणं.

कितीतरी औषधांचे रेणू आपल्या स्फटिकात एकमेकांना असे घट्ट धरून बसतात की पाण्याला ते सुटत नाहीत. गोळी पोटात फुटते, औषध मात्र विरघळत नाही आणि बहुतांशी तसंच बाहेर पडतं. हळदीतलं कर्क्युमिन या जातीचं. गजकर्णावरचं ग्रिसिओफल्विनही तसंच, म्हणून ते स्निग्ध जेवणाबरोबर घ्यायला सांगतात. स्निग्ध खाल्लं की आतड्यात पित्त उतरतं. पित्तातले क्षार आणि फॉस्फोलिपिड मिळून अतिसूक्ष्म गोलक बनवतात आणि पाण्याला न जुमानणारे रेणू त्यांत बसून आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचतात. शरीराची ही रीतच आम्ही उचलली आहे.

आमचं फॉस्फोलिपिड बहुतेकदा सोयाबीनचं. कच्च्या तेलात पाणी घालून जो चिकट भाग वेगळा काढतात, त्यातून लेसिथिन मिळतं. त्याच्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं, दोन शेपट्या तेलाकडे. हे लेसिथिन आणि औषध एकाच द्रावकात विरघळवायचं, फिरत्या चंबूत निर्वाताखाली द्रावक हळूहळू उडवायचा. घाई केली तर द्रावक आत अडकून राहतो. मग नमुना तापवून तो शोषत असलेल्या उष्णतेचा आलेख काढायचा. कर्क्युमिनचे स्फटिक १८० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतात; तिथे टोक उमटलं, तर दाणा अजून शिल्लक आहे. टोक नाहीसं झालं तरी निश्चिंत होता येत नाही. फॉस्फोलिपिड हवेतला ओलावा ओढतं, प्राणवायूनं खवट होतं. कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली भुकटी हां हां म्हणता गोळा होते. म्हणून नायट्रोजनखाली भरणं आणि साठवणीत पुन्हा पुन्हा तपासणं, हा या कामाचा मोठा भाग.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लेसिथिनबरोबर दिलेल्या हळदीच्या घटकांचं शोषण सुमारे २९ पट वाढलेलं दिसलं. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण रक्तात सापडलं ते मूळ कर्क्युमिन नव्हे, शरीरानं रूप बदललेलं होतं. भिंत ओलांडताच आतडं आणि यकृत त्यावर काम सुरू करतात, आणि ते लेसिथिनला थोपवता येत नाही.

या विद्येचं मोल मला मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या कामात दिसतं. बुरशीवरचं अँफोटेरिसिन बी तोंडावाटे जवळजवळ शोषलंच जात नाही. शिरेतून द्यावं, तर मूत्रपिंडांना इजा करतं. डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी दिल्ली विद्यापीठाच्या साथीनं ते फॉस्फोलिपिडच्या लायपोसोममध्ये, म्हणजे अतिसूक्ष्म पिशव्यांत, बसवलं आणि रुग्णांवर तपासलं. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार पसरला, तेव्हा लायपोसोमल अँफोटेरिसिनसाठी नातेवाईक गावोगाव वणवण फिरले. त्या दिवसांत या औषधाच्या कुपीची किंमत साऱ्या महाराष्ट्राला कळली.

विरघळवण्याचं कसब सरावानं येतं. पण औषध विरघळलं म्हणजे आपलं काम संपलं, असं मी नव्या मुलांना कधीच म्हणू देत नाही. रक्तात ते कोणत्या रूपात पोचलं आणि रुग्णाला त्यानं उतार पडला का, हे कळेपर्यंत आपण अर्ध्या वाटेवरच असतो.